काल्पनिक देशाचे सैन्य कसे रचावे : नकाशापासून पहाऱ्यापर्यंत

कादंबरी, श्राव्य मालिका, पटावरचा खेळ किंवा संगणकावरचा गेम, यांपैकी कशासाठीही काल्पनिक देश उभा करणारे बहुतेक लोक सैन्याची सुरुवात गणवेश, बिल्ले आणि भारदस्त हुद्द्यांनी करतात. मग दहाव्या प्रकरणात पन्नास हजारांची फौज एका रात्रीत घाट ओलांडते आणि ती काय खाते हे कोणी विचारलेलेच नसते. सैन्य हे त्या देशाच्या भीतीचे आणि कोठाराचे रूप असते. कशाची भीती वाटते आणि किती जणांना पोसता येते, या दोन प्रश्नांतून बाकीचे सगळे निघते. म्हणून खालचा क्रम पाळा. हुद्दे सातव्या पायरीवर येतात, त्याआधी त्यांना हात लावू नका.

समजायला सोपे जावे म्हणून एक बनावट देश सोबत घेऊ. त्याचे नाव सोनवळ. काळ आजचा, लोकसंख्या ८० लाख. पश्चिमेला ४०० किलोमीटर समुद्रकिनारा. पूर्वेला २५० किलोमीटर डोंगराची सरहद्द, तीत माणूस-जनावर जाऊ शकेल अशा १२ खिंडी. उत्तरेला १२० किलोमीटर सपाट सरहद्द, मध्ये नदी, पलीकडे बलाढ्य शेजारी. राजधानी या सरहद्दीपासून ९० किलोमीटरवर. दक्षिणेचा देश मित्र.

पायरी १ : भीतीचा कागद

कोऱ्या कागदावर प्रत्येक सरहद्दीपुढे तीन गोष्टी लिहा : कोण येईल, कोणत्या वाटेने येईल आणि किती दिवस आधी कळेल. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि सैन्याचे रूप खरे तर तीच ठरवते. महिनाभर आधी चाहूल लागणार असेल तर थोडी कायम फौज आणि मोठी राखीव फौज पुरते. सहा तास मिळणार असतील तर माणसे आधीपासून सरहद्दीवर हवीत.

सोनवळचा कागद असा : उत्तरेला रणगाडे, दोन पुलांवरून, पूर्वसूचना ४ ते ७ दिवस. पूर्वेला पायी घुसखोरी, १२ खिंडींतून, पूर्वसूचना शून्य. पश्चिमेला चोरटा व्यापार आणि बंदराची नाकेबंदी, पूर्वसूचना काही आठवडे.

खऱ्या जगात या कागदाने काय काय घडवले ते पाहा. कोस्टा रिकाने १९४८ साली सैन्यच बरखास्त केले. आइसलँडला स्थायी सैन्य नाही, पण तटरक्षक दल आहे, कारण पोटापाण्याची मासेमारी समुद्रावर आहे. बोलिव्हियाने एकोणिसाव्या शतकात चिलीशी झालेल्या युद्धात आपला किनारा गमावला, तरी तो देश आजही नौदल बाळगतो आणि टिटिकाका सरोवरात त्याच्या नौका फिरतात. म्हणजे भीतीसोबत देशाची जखमही सैन्याला आकार देते. तुमच्या देशाची अशी एखादी जखम असेल तर ती याच कागदावर नोंदवा. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, कारण जंजिऱ्याचा सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्यासमोर नुसत्या डोंगरी किल्ल्यांनी किनारा राखता येत नव्हता.

पायरी २ : माणसे आणि पैसा

शांततेच्या काळात लोकसंख्येच्या किती टक्के माणसे गणवेशात ठेवता येतात? भारताचे प्रमाण साधारण ०.१ टक्का पडते, कारण लोकसंख्याच अफाट आहे. सक्तीची लष्करी सेवा असलेला छोटा सिंगापूर १ टक्क्याच्या आसपास असतो. ५ टक्के म्हणजे सारा देशच छावणी, आणि शेतावर-कारखान्यात हात कमी पडायला लागतात. सोनवळसाठी ०.५ टक्का धरू. माणसे ४०,०००.

आता पैसा. माणशी उत्पन्न वर्षाला ४ लाख धरले तर देशाचे उत्पन्न ३.२ लाख कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे ६,४०० कोटी संरक्षणाला. पगार, निवृत्तिवेतन, जेवण, कपडे, घर मिळून एका माणसामागे ६ लाख धरा. ४०,००० माणसांचे २,४०० कोटी झाले. इंधन, सरावाचा दारूगोळा, दुरुस्ती यांना २,०००. नव्या खरेदीला उरले २,००० कोटी.

इथे थांबून एक तुलना करा. भारताने २०१६ साली ३६ राफेल विमानांचा जो करार केला तो शस्त्रे, सुटे भाग आणि देखभाल धरून सुमारे ५९,००० कोटींचा होता, म्हणजे विमानामागे १,६०० कोटींच्या वर. सोनवळने तशी १२ विमाने घ्यायची ठरवली तर दहा वर्षे दुसरे काहीही विकत घेता येणार नाही. ना तोफ, ना जहाज, ना रुग्णवाहिका. एवढा एक हिशेब केला की कथेतले सेनाप्रमुख एकमेकांशी का भांडतात हे आपोआप सापडते.

सक्तीची भरती ठेवणार असाल तर एक गोष्ट धरून चला. सेवा २४ महिन्यांची आणि प्रशिक्षण ६ महिन्यांचे असेल, तर भरती झालेल्यांपैकी पाव माणसे कायम शिकत असतात. कागदावर ४०,०००, कामाला ३०,०००.

पायरी ३ : पहाऱ्यावरून वर चढा

इथे बहुतेक रचना फसतात. लोक वरून खाली येतात : पाच सेना, प्रत्येकीत पाच डिव्हिजन. त्याऐवजी एका पहारेकऱ्यापासून वर जा.

एका जागी चोवीस तास पहारा ठेवायचा तर दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती या हिशेबाने तीन माणसे लागतात. रात्री जोडीने उभे राहायचे तर सहा. त्यांत त्यांचा नायक, स्वयंपाक, पाणी आणणे आणि आजारी पडणारा एखादा धरला की दहा जणांच्या सेक्शनची सगळी शक्ती एका जोडपहाऱ्यात संपते.

आता खिंड. प्रत्येक खिंडीत तीस जणांची एक प्लाटून ठेवू. १२ खिंडी, १२ प्लाटून. पण कोणीही बारा महिने चौकीवर राहू शकत नाही. एक प्लाटून चौकीवर, दुसरी खाली उतरून विश्रांतीत आणि सरावात, तिसरी रजा, अभ्यासक्रम आणि वर जाण्याच्या तयारीत. म्हणजे १२ प्लाटूनना ३६ लागतात. एका बटालियनमध्ये चार रायफल कंपन्या आणि प्रत्येक कंपनीत तीन प्लाटून, म्हणजे १२. ३६ प्लाटून म्हणजे तीन बटालियन, अर्थात एक पूर्ण ब्रिगेड.

निष्कर्ष नीट पाहा. सोनवळची डोंगरी ब्रिगेड १२ खिंडींवर नुसते उभे राहण्यातच संपली. राखीव हाताशी कोणीच नाही. एखाद्या खिंडीवर घाला पडला तर मदत राजधानीहून निघणार, आणि ती निघाली की राजधानी उघडी पडणार. हे संकट कोणी कल्पनेने रचलेले नाही, ते गुणाकारातून आले. म्हणूनच ते वाचकाला पटते.

हाच तिपटीचा नियम जहाजांनाही लागतो : एक समुद्रावर, एक दुरुस्तीत, एक परतीच्या वाटेवर किंवा सरावात. किनाऱ्यावर कायम दोन गस्ती जहाजे दिसायला हवी असतील तर सहा बांधा.

पायरी ४ : उतरंड

एका माणसाच्या हाताखाली थेट तीन ते पाच, फार तर दहा, एवढेच नीट चालवता येतात. म्हणून जगभरच्या फौजा एकमेकींशी बोलल्याशिवायही सारख्याच पायऱ्यांवर येऊन थांबल्या. मंगोलांनी १०, १००, १,००० आणि १०,००० अशी दशमान उतरंड ठेवली. रोमन सैन्यात एका तंबूत आठ जण, दहा तंबूंची ८० जणांची सेंच्युरी, सहा सेंच्युरींचा कोहॉर्ट, दहा कोहॉर्टांची लीजन. सभासद बखरीत शिवकालीन घोडदळाचे जे वर्णन आहे त्यात २५ स्वारांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. म्हणजे हजारीकडे प्रत्यक्षात १,२५० स्वार असत. नाव आणि संख्या अशी थोडी विसंगत ठेवली की तुमचीही रचना जिवंत वाटते, कारण खऱ्या फौजांत नावे मागे राहतात आणि आकडे बदलत जातात.

आजच्या पायदळाची शिडी अशी : सेक्शन १०, प्लाटून सुमारे ३०-३५, कंपनी सुमारे १२०, बटालियन सुमारे ८००, तीन बटालियनची ब्रिगेड तोफा-अभियंते धरून ३,००० ते ३,५००, तीन ब्रिगेडची डिव्हिजन १५,००० च्या आसपास. तिच्यावर कोअर. सोनवळने कोअरचा विचारही करू नये.

मराठीत लिहिताना तीन शब्द जपून वापरा. ‘तुकडी’ हा शब्द पाच जणांनाही चालतो आणि पाच हजारांनाही, त्यामुळे लढाईच्या वर्णनात तो वारंवार आला की वाचकाला आकारच कळत नाही. ‘पलटण’ म्हटले की जवानाच्या तोंडी सहसा अख्खी बटालियन असते, प्लाटून नव्हे. आणि ‘रेजिमेंट’ दोन अर्थांनी येते : भारतीय पायदळात ते कुटुंब आहे, जसे मराठा लाइट इन्फंट्री, जिच्या अनेक बटालियन वेगवेगळ्या सरहद्दींवर असतात आणि केंद्र बेळगावला. रणगाडे आणि तोफखान्यात मात्र रेजिमेंट म्हणजे बटालियनएवढे एकच लढते दल.

पायरी ५ : कोण काय करते

सोनवळच्या भूदलाला ४०,००० पैकी २७,००० माणसे देऊ. नौदलाला ६,०००, हवाई दलाला ५,०००, आणि तिन्हींना सामाईक असलेल्या रुग्णालये, प्रबोधिनी, गुप्तवार्ता यांना २,०००.

उत्तरेला दोन ब्रिगेड, पूर्वेला एक, राजधानीजवळ राखीव एक. चार ब्रिगेड म्हणजे १२ बटालियन, ९,६०० माणसे. प्रत्येक ब्रिगेडमागे तोफखान्याची एक रेजिमेंट, १८ तोफा आणि ६०० माणसे, मिळून २,४००. रणगाड्यांच्या दोन रेजिमेंट, भारतीय पद्धतीने ४५-४५ रणगाडे, १,२०० माणसे. अभियंत्यांच्या दोन रेजिमेंट १,२००. सिग्नल (संदेशवहन) १,०००. बेरीज १५,४००. उरलेले ११,६०० जण पुरवठा, कार्यशाळा, दारूगोळ्याचे डेपो, प्रशिक्षण केंद्रे, लष्करी पोलिस आणि मुख्यालये यांत.

आणखी एक बेरीज करा. १२ बटालियनमधल्या रायफल कंपन्यांत मिळून ५,७६० माणसे आहेत. ४०,००० च्या फौजेत बंदूक घेऊन शत्रूवर चालून जाणारा माणूस सातांत एक. उरलेले सहा नसतील तर हा एक तिथवर पोहोचतच नाही.

भूमिका ठरवताना प्रत्येक दलाला ‘हे नसेल तर काय अडते’ असे विचारा. पायदळ नसेल तर जिंकलेली जमीन राखता येत नाही. रणगाडे नसतील तर मोकळ्या मैदानात वेग जातो, पण घाटात आणि शहरात पायदळाशिवाय रणगाडा आंधळा असतो. तोफखाना दूरवरून शत्रूला डोके वर काढू देत नाही. त्याचा निरीक्षक अधिकारी मात्र पुढच्या पायदळाबरोबर चालतो, कारण तोफेवरच्या माणसाला लक्ष्य दिसतच नसते. पडद्यावर तोफा नेहमी नजरेसमोरच्या शत्रूवर डागतात. आजच्या काळात तसे क्वचित होते.

अभियंत्यांना सोनवळमध्ये सोन्याचा भाव हवा, कारण उत्तरेचे दोन पूल. ते पूल उडवायचे असतील तर सुरुंगाची जागा आधी ठरवलेली, भोके आधी पाडलेली आणि उडवण्याचा अधिकार कोणाचा हे कागदावर लिहिलेले असावे लागते. पूल लवकर उडवला तर पलीकडचे आपलेच लोक अडकतात. उशीर झाला तर शत्रू आत येतो. तो हुकूम द्यायला एका मेजरकडे किती मिनिटे असतात, यावर अख्खे प्रकरण उभे राहू शकते.

सिग्नल आणि वैद्यकीय यांना कथांत कोणी विचारत नाही. निदान एवढे करा : बटालियनमागे एक डॉक्टर आणि प्रथमोपचाराची जागा, तिच्यामागे ब्रिगेडचे फील्ड रुग्णालय, त्यामागे शस्त्रक्रियेचे मोठे रुग्णालय. जखमी माणूस या साखळीतून मागे येतो, आणि एका जखमीचे स्ट्रेचर डोंगरात उतरवायला चार जण लागतात, लांबची वाट असेल तर बदलीचे आणखी चार. दहाच्या सेक्शनमध्ये दोन जखमी झाले की सेक्शन लढण्यापुरते उरत नाही.

पायरी ६ : समुद्र आणि आकाश

थोडक्यात. सोनवळची भीती नाकेबंदी आणि चोरटा व्यापार ही आहे. विमानवाहू जहाज तिला काहीही कामाचे नाही. किनारी गस्तीची सहा जहाजे, क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या छोट्या वेगवान नौका सहा, सुरुंग शोधणारी जहाजे तीन आणि टेहळणीची विमाने. सुरुंगशोधक जहाजे दिमाखदार नसतात म्हणून रचनाकार ती वगळतात. पण बंदर बंद पाडायला शत्रूला रात्रीत टाकलेले थोडे सुरुंग पुरतात, आणि ते काढायला आठवडे जातात.

किनारा कोणाचा हेही ठरवा. आपल्याकडे किनाऱ्यालगत सागरी पोलिस, त्यापुढे तटरक्षक दल, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे. एकाच पाण्यावर तीन गणवेश आले की निरोप कुठे तरी अडतो.

हवाई दलात विमानांची संख्या मोजून थांबू नका. १६ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये सकाळी उडायला दहा-बारा तयार असतील तर ते दल उत्तम सांभाळलेले म्हणावे. बाकीची तपासणीत किंवा सुट्या भागांची वाट पाहत असतात. सोनवळने लढाऊ विमानांचे एकच स्क्वाड्रन, त्याच्या दुप्पट हेलिकॉप्टर आणि रडार व विमानवेधी क्षेपणास्त्रे यांवर भर द्यावा. ड्रोन ब्रिगेडच्या हाती द्या, हवाई दलाच्या नव्हे. खिंडीतल्या प्लाटूनला टेकडीपलीकडचे पाहायला राजधानीची परवानगी लागता कामा नये.

पायरी ७ : हुद्दे

आता हुद्दे. आधी तीन थर करा : जवान, अनुभवी मधला थर आणि अधिकारी. भारतीय पायदळात शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. मग लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत अधिकारी. मधला सुभेदारांचा थर हे या उपखंडाचे खास वैशिष्ट्य आहे. विशीतला लेफ्टनंट आणि वीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार एकाच प्लाटूनमध्ये असतात. हुकूम लेफ्टनंटचा, पण सुभेदारसाहेब गप्प बसले तर प्लाटूनला कळते की काही तरी चुकते आहे. आणि त्यांना ‘साहेब’ म्हणूनच हाक मारली जाते, लेफ्टनंटकडूनसुद्धा. हे नाते तुमच्या देशात हवे की नको, ते ठरवून घ्या. नको असेल तर त्या जागी कोण, तेही.

रणगाडा दलात तीच शिडी सवार, दफेदार, रिसालदार अशी आहे, कारण ते घोडदळाचे वारस. एकाच देशात दलागणिक हुद्द्यांची नावे वेगळी असणे स्वाभाविक आहे.

वय चुकवू नका. भारतात बावीसच्या आसपास कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळाल्यावर दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल अशी चाल आहे. त्यापुढे निवड लागते. म्हणून कॅप्टन चोविशीचा, मेजर अठ्ठावीस-तिशीचा आणि बटालियनचा कर्नल चाळिशीकडे झुकलेला. पंचविशीचा जनरल हवा असेल तर त्याचे कारण कथेत द्या : राजघराणे, क्रांती, किंवा वरची पिढी मारली गेलेली.

आणखी एक सापळा. नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा. भूदलातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. हवाई दलात तोच फ्लाइट लेफ्टनंट, आणि ग्रुप कॅप्टन म्हणजे पुन्हा कर्नल. दोन कॅप्टन समोरासमोर आणताना कोण कोणाला सलाम करणार हे आधी तपासा. पूर्ण कल्पित नावे वापरायची असतील तर बारापेक्षा जास्त करू नका, आणि नावातून काम कळू द्या. हजारी, किल्लेदार, सरखेल हे शब्द वाचकाला अर्थासकट मिळतात. नुसते खणखणीत आवाजाचे शब्द तो दोन पानांत विसरतो.

पायरी ८ : हुकूम कोणाचा, हिशेब कोणाचा

चार प्रश्नांची चार वेगवेगळी उत्तरे लिहा : युद्ध कोण जाहीर करतो, पगार कोण देतो, बढती कोण देतो, आणि कोठाराची किल्ली कोणाकडे. चारही एकाच माणसाकडे असतील तर देश त्या माणसाचा. चारही चौघांकडे असतील तर युद्धात घोटाळा ठरलेला.

शिवकाळातल्या गडाची व्यवस्था या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस (हिशेब ठेवणारा) हे तिघे बरोबरीचे कारभारी. शिवाय कोठारासाठी कारखानीस. एक फितला तरी गड जाऊ नये म्हणून अधिकार मुद्दाम वाटलेले, आणि माणसेही मुद्दाम वेगवेगळ्या जातींची नेमलेली. किंमत अशी की तातडीच्या प्रसंगी तिघांचे एकमत लागते. तुमच्या देशाला राजद्रोहाची भीती जास्त की उशिराची, यावरून रचना निवडा.

आधुनिक फौजेत हाच मुद्दा तिन्ही दलांच्या मेळाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात जपानचे भूदल आणि नौदल एकमेकांपासून इतके तुटलेले होते की भूदलाने स्वतःच्या मालवाहू पाणबुड्या बांधल्या. अमेरिकेच्या फौजा १९८३ साली ग्रेनाडात उतरल्या तेव्हा दलांचे रेडिओ एकमेकांशी नीट जुळत नव्हते. अशा अनुभवांनंतर १९८६ साली अमेरिकेने कायद्यानेच संयुक्त कमांड (सर्व दलांवर एकच सेनापती असलेली मुख्यालये) मजबूत केल्या. भारतात संरक्षण दलप्रमुख हे पद १ जानेवारी २०२० पासून आले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षे एकत्र शिकतात, त्यामागेही हाच विचार आहे. पुढे दलांत भांडण झाले तरी फोन उचलणारा बॅचमेट असतो.

सरहद्दीचे रक्षक सैन्यात की बाहेर, हेही पाहा. सीमा सुरक्षा दल १९६५ साली उभे राहिले आणि ते गृह मंत्रालयाकडे आहे. आसाम रायफल्सचे प्रशासन गृह मंत्रालयाकडे, तर मोहिमांचा ताबा सैन्याकडे. अशा दुहेरी ताब्यात कथेसाठी फार मोठा ऐवज आहे.

पायरी ९ : दाणागोटा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. हिशेब साधे आहेत, पण करावे लागतात.

ब्रिगेड ३,५०० माणसांची. माणशी रोज २ किलो अन्न म्हणजे ७ टन. उष्ण हवेत पिणे, स्वयंपाक मिळून १० लिटर पाणी म्हणजे ३५,००० लिटर, अर्थात १०,००० लिटरचे चार टँकर. आता तोफा. १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४५ किलोचा. १८ तोफा, प्रत्येकी दिवसाला १०० गोळे, म्हणजे १,८०० गोळे आणि ८१ टन, दारू आणि वेष्टण वेगळे. पाच टनी ट्रकच्या किमान १७ फेऱ्या, एका रेजिमेंटसाठी, एका दिवसासाठी. जेवणापेक्षा गोळे दहापटीहून जड पडतात, त्यामुळे आधुनिक लढाई बहुतेक वेळा गोळ्यांअभावी मंदावते.

रस्त्याचा हिशेबही करा. ब्रिगेडच्या ६०० गाड्या ५० मीटर अंतर ठेवून निघाल्या तर ताफा ३० किलोमीटर लांब होतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने पहिली गाडी जिथून गेली तिथून शेवटची सव्वा तासाने जाते. राजधानीहून ९० किलोमीटरवरच्या पुलाकडे राखीव ब्रिगेड निघाली, तर पहिली गाडी साधारण साडेतीन तासांनी पोहोचेल आणि शेवटची पावणेपाच तासांनी. तेही रस्त्यावर पळून येणारी गावे नसतील तर.

पूर्वेच्या खिंडी हिवाळ्यात चार महिने बंद असतील तर ३६० माणसांचे १२० दिवसांचे अन्न बर्फाआधीच वर जायला हवे. ३६० × १२० × २ = ८६,४०० किलो. खेचर ७० किलो वाहते, म्हणजे १,२३० हून जास्त फेऱ्या, आणि रॉकेल, दारूगोळा, औषधे अजून मोजलेलीच नाहीत. वर चढवण्याचा हंगाम ६० दिवसांचा असेल तर रोज वीस-एकवीस खेचरे फक्त शिधा घेऊन चढली पाहिजेत. एक आठवडा पाऊस लांबला की त्या हिवाळ्यात कोणती चौकी सोडायची, हा प्रश्न ब्रिगेडियरच्या टेबलावर येतो.

जुन्या काळातला देश रचत असाल तर घोडा मोजा. त्याला रोज साधारण १० किलो वैरण-दाणा आणि ३० लिटर पाणी. हजार घोड्यांना १० टन आणि ३०,००० लिटर. बैलगाडीने ते वाहायचे म्हटले तर बैलही खातात, म्हणून घोडदळ चरत-चरत जाते आणि मोहीम गवताच्या हंगामाशी बांधलेली असते. मराठी फौजा पावसाळ्यात छावणीला आणि दसऱ्याला मोहिमेवर, याचे कारण धार्मिक मुहूर्तापुरते नाही : तोवर नद्या उतरलेल्या, रान हिरवे, धान्य हाती येऊ लागलेले. सभासद बखरीत दर २५ स्वारांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद सांगितला आहे. तुमच्या शूर घोडदळात नाल ठोकणारा आहे का, हे आत्ताच पाहून घ्या.

वाट तुटली की काय होते याचे आपल्या मनात कायमचे घर करून राहिलेले उदाहरण पानिपत. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेची दिल्लीकडची वाट तोडली. डिसेंबरात रसदीचा भार वाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. लढणाऱ्यांबरोबर न लढणारेही हजारोंनी होते. १४ जानेवारी १७६१ ला फौज उपाशीपोटी लढायला बाहेर पडली. आधुनिक उदाहरण १९८२ च्या फॉकलंड युद्धाचे : अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज क्षेपणास्त्राने गेले, त्याबरोबर तीन मोठी चिनूक हेलिकॉप्टर गेली, आणि ब्रिटिश सैनिकांना ओझे पाठीवर घेऊन बेट पायी ओलांडावे लागले. एक जहाज बुडवा आणि मग पुढच्या दहा दिवसांत प्रत्येकाच्या पाठीवर काय येते ते लिहा.

पायरी १० : पहाटे तीनची चाचणी

सगळी रचना एका पानावर आणा : नकाशा, चार ब्रिगेडच्या जागा, बंदरे, डेपो, रुग्णालये, रस्ते, आणि प्रत्येक कमांडचे एक नाव. मग घड्याळ लावून ही परीक्षा घ्या. पहाटे तीन वाजता सातव्या खिंडीतल्या चौकीचा रेडिओ बंद पडतो.

ते प्रथम कोणाच्या लक्षात येते, आणि किती वेळाने? चौकीने दर तासाला निरोप द्यायचा नियम असेल तर चार वाजेपर्यंत कोणालाच काही कळलेले नसते. रेडिओ बिघडला की घाला पडला, हे पाहायला कोण जातो? शेजारच्या चौकीतून सहा जण काढले तर तिथला जोडपहारा मोडतो. ड्रोन धुक्यात उडतो का? कंपनी कमांडर कोणाला उठवतो? ब्रिगेडियरला राखीव ब्रिगेडमधून माणसे मागायचा अधिकार आहे की तो प्रश्न राजधानीत जातो? राजधानीत त्या वेळी फोन कोण उचलतो : सेनाप्रमुख, मंत्री, की रात्रपाळीचा मेजर? हेलिकॉप्टर हवाई दलाचे आहे, मग त्याला उड्डाणाचा हुकूम कोणी द्यायचा? आणि पहाटे साडेसहाला, खिंडीत उजाडते तेव्हा, तिथे प्रत्यक्ष किती माणसे उभी असतात?

प्रत्येक उत्तरापुढे एक हुद्दा आणि एक वेळ लिहा. जिथे लिहिता येत नाही त्या जागेवर तांबडी खूण करा आणि संबंधित पायरीवर परत जा. सोनवळच्या रचनेत अशा दोन खुणा लगेच उमटतात : डोंगरी ब्रिगेडला राखीव दल नाही, आणि हेलिकॉप्टरचा हुकूम कोणाचा हे आठव्या पायरीत लिहिलेच नव्हते. पहिली दुरुस्त करायला एक बटालियन आणि तिचे वर्षाचे सुमारे ४८ कोटी वेतन लागेल. दुसरी दुरुस्त करायला एक सही पुरते, जर दोन्ही दलांचे प्रमुख ती करायला तयार असतील तर.